मागच्या आसनावरील धावपटू

या खेपेस आम्ही बर्फावरील एका खेळाविषयी लिहावयास बसलो आहोत, हे ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. कारण आमचा मुक्काम बहरीन बेटाच्या पश्चिम अंगास, जनाबिया येथे. उन्हाळ्यात दुपारचा पारा येथे चाळीस अंशांच्या वर चढतो, खजुरीच्या झाडांखालची सावलीदेखील गरम लागते, आणि बर्फ म्हणून जो काही दृष्टीस पडतो तो सरबताच्या पेल्यात, नाहीतर मासळीच्या पेटीत. डोंगराचे म्हणाल तर या बेटावरील सर्वांत उंच जागा म्हणजे जबल दुखान, अर्थात धुराचा डोंगर. त्याची उंची सुमारे १३० मीटर. स्वित्झर्लंडातील सेंट मॉरिट्झ गावी बॉबस्लेचा जो जुना बर्फमार्ग आहे, त्याचा नुसता उतारच तेवढा भरतो.

तथापि हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. ज्या कामात आपले नाव झाले ते काम एके दिवशी हातचे सुटते, आणि नव्या जागी दुसऱ्याच्या पाठीमागे बसण्याची पाळी येते. अशा वेळी मनुष्याने काय करावे? आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांपुढे हा प्रश्न आज उभा आहे, आणि मुंबई-ठाण्यातील घरांनाही तो चुकलेला नाही. त्याचे एक उत्तर आम्हांस लॉरिन विल्यम्स या अमेरिकन धावपटूच्या चरित्रात आढळले. धावण्याच्या मैदानात जगज्जेती ठरलेली ही तरुणी वयाच्या तिसाव्या वर्षी बर्फावरील गाडी ढकलावयास गेली.

प्रथम तो खेळ कसा असतो ते सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे तो पाहिलेली माणसे थोडी. बॉबस्ले ही पोलादी पात्यांवर चालणारी, पुढून निमुळती, होडीच्या आकाराची गाडी. तिला इंजिन नाही. डोंगराच्या उतारावर वळणावळणांची एक पन्हळ बांधतात, तिच्यावर पाणी गोठवून बर्फाचा थर चढवितात, आणि त्या पन्हळीतून ही गाडी खाली सोडतात. मार्गाची लांबी साधारणपणे सव्वा ते पावणेदोन किलोमीटर असते, आणि खालच्या टप्प्यात वेग ताशी १२० किलोमीटरांच्याही पुढे जातो. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट मॉरिट्झ येथे हौशी प्रवाशांनी सुरू केला. १९२४ साली शामोनी येथे झालेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या चौकडीची शर्यत होती. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकचे दार उघडण्यास २००२ साल उजाडावे लागले.

दोघींच्या गाडीत पुढे सारथी बसते. तिच्या हाती गाडी वळविण्याच्या दोऱ्या असतात. मागे बसणारीकडे ब्रेक असतो. परंतु तो लावावयाचा शर्यत संपल्यावर, अंतिम रेषेच्या पलीकडे. वाटेत लावला तर वेगही जातो आणि बर्फही खरवडला जातो. मग या मागच्या खेळाडूचे काम ते कोणते? तिचे काम पहिल्या पाच-सहा सेकंदांचे. रिकामी गाडीच दीडशे किलोंहून अधिक भरते. बारीक खिळ्यांचे बूट घालून, कमरेत वाकून, ती दोघींनी मिळून सुमारे पन्नास मीटर ढकलीत न्यावयाची आणि धावत्या गाडीत उडी घ्यावयाची. त्यानंतर मागची खेळाडू मान गुडघ्यांत घालून बसते, ती अंतिम रेषा येईपर्यंत. वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून तिने डोके वर काढावयाचे नाही. म्हणजे ज्या मार्गावरून ती एवढ्या वेगाने जाते, तो मार्ग तिला दिसतही नाही. किती वळणे गेली आणि किती राहिली हे ती अंगाला बसणाऱ्या हिसक्यांवरून मोजते. आरंभी गमावलेला क्षणाचा अंश पुढे भरून निघत नाही. उलट खाली पोहोचेतो तो वाढतच जातो. म्हणून या पन्नास मीटरांसाठी सारे देश धावपटूंच्या शोधात असतात. शंभर मीटर पळणाऱ्याने आयुष्यभर जर काही घोटलेले असेल तर ते हेच: स्थिर उभ्या देहाला थोडक्या पावलांत पूर्ण वेग देणे.

आता लॉरिनची हकीकत ऐका. तिचा जन्म १९८३ सालचा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील रोचेस्टर या लहानशा गावात ती शाळा शिकली, आणि पुढे मायामी विद्यापीठात गेली. चण लहानखुरी, पण पायांत वीज. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरांच्या शर्यतीत ती अवघी विसाव्या वर्षी उभी राहिली आणि १०.९६ सेकंदांत दुसरी आली. बेलारूसच्या युलिया नेस्तेरेन्कोने १०.९३ सेकंदांत सुवर्णपदक नेले. जमैकाची व्हेरोनिका कॅम्पबेल १०.९७ सेकंदांत तिसरी आली. तिघींमध्ये मिळून अंतर ते किती! डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. येथील वाचकांना सांगण्यासारखे म्हणजे त्याच शर्यतीच्या प्राथमिक फेरीत बहरीनची रुकय्या अल-गसरा ही मुलगी डोके झाकून, पूर्ण अंगभर वस्त्रे घालून धावली होती. तीच पुढे २००६ साली दोहा येथील आशियाई सामन्यांत दोनशे मीटरांचे सुवर्णपदक घेऊन आली.

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, हेलसिंकी येथे लॉरिन शंभर मीटरांची जगज्जेती झाली, वेळ १०.९३ सेकंद. २००७ साली ओसाका येथे ती आणि कॅम्पबेल या दोघींची वेळ एकच नोंदली गेली, ११.०१ सेकंद. छायाचित्र पाहून निर्णय द्यावा लागला, आणि तो कॅम्पबेलच्या बाजूने लागला. या दोन्ही जागतिक स्पर्धांत चार गुणिले शंभर मीटरांच्या रिले शर्यतीत अमेरिकेच्या चौघींना सुवर्णपदक मिळाले, त्यांत लॉरिन होती. इतके यश पदरी असताना तिच्या देशात तिचे नाव जे घरोघर गेले, ते मात्र भलत्याच कारणाने.

ते कारण रिलेचे. रिलेमध्ये एकीने दुसरीच्या हाती दांडी द्यावयाची असते, आणि ती ठरलेल्या टप्प्यात. त्या काळी हा टप्पा वीस मीटरांचा होता. देणारी पूर्ण वेगात येते, घेणारी मागे न पाहता पळू लागते आणि हात मागे करते. अथेन्सच्या अंतिम शर्यतीत मॅरियन जोन्सकडून लॉरिनकडे दांडी यावयाची होती. ती टप्पा ओलांडेपर्यंत हाती लागली नाही आणि संघ बाद झाला. चार वर्षांनी बीजिंग येथे शंभर मीटरांत ती चौथी आली, म्हणजे पदकाच्या उंबरठ्यावरून परत फिरली. त्यानंतर रिलेच्या प्राथमिक फेरीत तिला शेवटचा टप्पा धावावयाचा होता. टोरी एडवर्ड्सने पुढे केलेली दांडी दोघींच्या हातांमधून निसटून जमिनीवर पडली. सलग दोन ऑलिंपिक, दोनदा तोच अपघात, आणि दोन्ही वेळा घेणारा हात लॉरिनचा.

शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेल्यामुळे आमचे लक्ष त्यानंतरच्या क्षणावर अधिक खिळले. बीजिंगमध्ये दांडी पडताच लॉरिन थांबली, मागे वळली, खाली पडलेली दांडी शोधून उचलली आणि उरलेले अंतर धावून शर्यत पुरी केली. बाकीच्या संघांतील मुली केव्हाच पोहोचल्या होत्या. संघ बाद होणार हे उघड होते आणि तसा तो झालाही. त्या धावण्याने कोष्टकात काही फरक पडला नाही. परंतु आमच्या मते तिच्या पुढील चरित्राचा पाया तेथेच पडला. पडलेली वस्तू कोणाच्या हातून पडली याचा वाद घालीत उभे राहावयाचे, की ती उचलून पुढे चालू लागावयाचे, हे ठरविण्यास तिला क्षणाहून अधिक वेळ लागला नाही.

२०१२ साली लंडन येथे तिला पुन्हा रिलेच्या संघात घेतले. या वेळी वैयक्तिक शर्यत तिच्या वाट्यास आली नाही. प्राथमिक फेरीत शेवटचा टप्पा धावून तिने दांडी सुखरूप पोहोचविली. अंतिम फेरीत मात्र तिच्या जागी दुसरी धावली, आणि त्या चौघींनी ४०.८२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. १९८५ सालापासून पूर्व जर्मनीच्या नावे असलेला ४१.३७ सेकंदांचा उच्चांक त्या दिवशी मोडला. नियमाप्रमाणे प्राथमिक फेरीत धावलेल्यांनाही सुवर्णपदक मिळते, तसे ते लॉरिनला मिळाले. पण व्यासपीठावर उभ्या राहतात त्या अंतिम फेरीतील चौघीच. ज्या ऑलिंपिक सुवर्णासाठी दोनदा दांडी सुटली, ते असे तिच्या हाती आले. मागे राहून केलेल्या कामाचे पदकही पदकच असते, हा धडा तिला बर्फावर जाण्याआधीच मिळाला होता.

२०१३ साली तिने मैदानास रामराम ठोकण्याचे ठरविले. त्याच सुमारास एका विमानतळावर तिची गाठ लोलो जोन्सशी पडली. लोलो ही अडथळ्यांच्या शर्यतीची नामांकित धावपटू; २००८ साली बीजिंगच्या अंतिम शर्यतीत सर्वांच्या पुढे असताना दहांपैकी नवव्या अडथळ्याला पाय लागून ती सातवी आली होती. ती आधीच बॉबस्लेकडे वळलेली होती. तिने लॉरिनला सांगितले, एकदा येऊन तर पाहा. लॉरिन गेली. तेथून अवघ्या सहा-सात महिन्यांवर रशियातील सोची येथील हिवाळी ऑलिंपिक होते.

वाचकहो, क्षणभर हे चित्र डोळ्यांसमोर आणा. धावण्याच्या मैदानात खेळाडू स्वतःचे बूट आणि पाण्याची बाटली घेऊन येतो, पळतो आणि जातो. बॉबस्लेमध्ये गाडी खेळाडूंनीच उचलून मालमोटारीत चढवावयाची आणि उतरवावयाची. पोलादी पाती उलटी करून पॉलिश कागदाने तासन्‌तास घासावयाची, कारण त्यांवरचा एखादा ओरखडाही वेग खातो. थंडीत हात बधिर होतात. वळणांवर शरीर गाडीच्या बाजूंवर आपटून काळेनिळे होते. गाडी कधी उलटते आणि खेळाडू बर्फावरून तशीच घसरत जाते. जगज्जेतीला येथे पहिलीच्या वर्गात बसावे लागते. तिच्याहून वयाने लहान मुली तिच्याहून जाणत्या असतात. आणि इतके करून गाडी ओळखली जाते ती पुढे बसणाऱ्या सारथ्याच्या नावाने.

लॉरिनची सारथी होती एलाना मेयर्स. ती मूळची सॉफ्टबॉल खेळणारी, आणि २०१० साली व्हँकूव्हर येथे स्वतः मागच्या आसनावर बसून कांस्यपदक मिळविलेली. म्हणजे मागच्या आसनाचे मोल तिला ठाऊक होते. सोची येथे १८ आणि १९ फेब्रुवारी २०१४ या दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या. चारही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करून क्रमांक ठरतो. पहिल्या दिवसाच्या दोन फेऱ्यांनंतर मेयर्स आणि विल्यम्स यांची गाडी ०.२३ सेकंदांनी पुढे होती; त्यांच्या ढकलण्याला कोणी गाठू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी वाटेत गाडी एक-दोनदा बाजूच्या भिंतींना लागली, आणि कॅनडाच्या केली हम्फ्रीज व हेदर मॉइस यांनी ती आघाडी खाऊन टाकली. अखेर सुमारे चार मिनिटांच्या एकूण वेळेत ०.१० सेकंदांचा फरक राहिला. आम्ही हिशेब करून पाहिला: ताशी १२० किलोमीटरांच्या वेगाने एवढ्या अवधीत गाडी जेमतेम सव्वातीन मीटर पुढे सरकते. आपल्या घरातील खोलीची लांबी याहून अधिक असेल.

सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारी ती जगातील पाचवी खेळाडू, आणि अमेरिकन स्त्रियांत पहिली. सुवर्ण मिळते तर निरनिराळ्या खेळांत दोन्हीकडे सुवर्ण घेणारी ती दुसरीच ठरती. १९२० साली मुष्टियुद्धात आणि १९३२ साली बॉबस्लेत सुवर्ण मिळविणारा एडी ईगन हा त्या बाबतीत एकटाच राहिला. पुढे लॉरिनने खेळातून निवृत्ती घेतली आणि ती आर्थिक नियोजनाचा रीतसर अभ्यास करून त्या व्यवसायात पडली. म्हणजे तिसऱ्यांदा पहिलीच्या वर्गात बसली.

या वाटेने जाणारी ती एकटी नव्हे. १९६८ साली मेक्सिको येथे ११० मीटर अडथळ्यांचे सुवर्ण मिळविणारा विली डेव्हनपोर्ट १९८० साली, छत्तीस वर्षांचा असताना, लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये चौघांची गाडी ढकलीत होता. त्यांचा क्रमांक बारावा लागला. अलाबामाची व्होनेटा फ्लॉवर्स धावणे आणि लांब उडी यांत ऑलिंपिक गाठू शकली नाही. २००० सालच्या निवडचाचणीत अपयश आल्यावर तिच्या पतीला बॉबस्लेच्या चाचणीचे एक पत्रक दिसले. आणि दोनच वर्षांनी, स्त्रियांच्या पहिल्याच ऑलिंपिक बॉबस्ले शर्यतीत, जिल बॅकेनच्या मागे बसून तिने सुवर्ण मिळविले. हिवाळी ऑलिंपिकचे सुवर्ण एखाद्या कृष्णवर्णीय खेळाडूस मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. लंडन ऑलिंपिकमध्ये नायजेरियातर्फे अडथळ्यांची शर्यत धावलेल्या सेउन अदिगुनने तर सरावासाठी स्वतःच लाकडी गाडी ठोकून तयार केली, आणि २०१८ साली प्याँगचांग येथे आफ्रिका खंडातील पहिला बॉबस्ले संघ उभा केला. तो सर्वांत शेवटी आला. सर्वांनाच पदक मिळते असे नाही. लोलो जोन्सची गाडीही सोची येथे अकरावी आली. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण नवा आरंभ म्हणजे नवे यशच, असा समज तरुणांनी करून घेतला तर पुढे त्यांचीच निराशा व्हावयाची.

आपल्या मराठी मुलखात बॉबस्लेचा मार्ग नाही आणि होण्याची शक्यताही नाही. परंतु एका खेळातून उठून दुसऱ्यात नव्याने बसणारा वीर आपल्याकडे त्याआधीच होऊन गेला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पाय निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. १९६८ साली इस्राएलमध्ये तेल अवीव येथे भरलेल्या पॅरालिम्पिक सामन्यांत ते टेबल टेनिस खेळले. पुढे त्यांनी पोहण्याचा मार्ग धरला, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांच्या जागतिक उच्चांकासह सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे त्यांचे नाव फार थोड्यांच्या ओठी होते. मागचे आसन म्हणतात ते हेही असते.

ज्या बेटावर बसून आम्ही हे लिहितो, त्या बहरीननेही आपला धंदा एकदा मुळापासून बदललेला आहे. शंभर वर्षांपूर्वी येथील माणूस मोत्यांवर जगत असे, आणि ती मोती विकली जात आपल्या मुंबईच्या बाजारात. होडीवर दोन प्रकारचे गडी असत. पाण्यात उतरणारा तो गैस, आणि वर होडीत त्याची दोरी धरून उभा राहणारा तो सैब. खालच्याने दोरीला हिसका दिला की वरच्याने त्यास ओढून घ्यावयाचे. शिंपला गैसाच्या हाती लागे. पण त्याचा श्वास सैबाच्या हाती असे. १९३० च्या सुमारास जपानी कल्टर मोती आणि जगभरची मंदी यांमुळे हा धंदा बसला. १९३२ साली जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागले. मग अनेक पाणबुड्यांनी आणि दोरी धरणाऱ्यांनी तेलकंपनीत मजुरी धरली. समुद्राची खोली ओळखणारे ते कसबी लोक घड्याळाच्या भोंग्यावर कामास जाऊ लागले. आपल्याही पूर्वजांनी कोकणातील तेलाचा घाणा सोडून पलटण, गोदी, रेल्वे आणि शाळा धरल्या, तेव्हा त्यांच्या मनाची स्थिती याहून निराळी नसावी.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बावीस वर्षे येथील एका कंपनीत हिशेबखात्याचे प्रमुख होते. कंपनीने खाते आवरते घेतले आणि त्यांचा करार संपला. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगी कॉलेजात, गावाकडे घराचे कर्ज. दुसरीकडे गोदामाचा हिशेब ठेवण्याची नोकरी मिळत होती. परंतु तेथील प्रमुख हा त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेला तरुण. सात महिने त्यांनी ती जागा नाकारली. आम्हांस म्हणाले, "सर, ज्याला मी जमाखर्चाची वही कशी लिहावी ते दाखविले, त्याला आता मी साहेब म्हणू?" आम्ही उपदेश केला नाही, त्या वयाच्या माणसास उपदेश पचत नाही. लॉरिन विल्यम्सची हकीकत मात्र सांगितली, जशी वर लिहिली आहे तशीच. ती ऐकून ते लगेच उठून गेले असे नव्हे. आणखी काही आठवडे गेले, घरातील शिल्लक उतरली, आणि मग त्यांनी होकार कळविला. त्या तरुणाने पहिल्या दिवशी त्यांना "काका, तुम्ही बसा" म्हणून खुर्ची दिली. आज गोदामातील एक खिळाही हिशेबाबाहेर जात नाही. "मान खाली घालावी लागते, ती अजून दुखते," असे ते कधीकधी म्हणतात. आम्हांस ते बोलणे खरे वाटते. मान दुखत नाही असे सांगणाऱ्यावर आमचा विश्वास बसला नसता.

या सर्व हकीकतींवरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की मनुष्य नव्या कामात जातो तेव्हा तो रिकाम्या हातांनी जात नाही. लॉरिनने बर्फावर नेली ती तिची जुनीच पहिली पन्नास पावले. जमाखर्च जाणणाऱ्याने गोदामात नेला तो जुनाच चोखपणा. पदवी, खुर्ची आणि दारावरची पाटी मागे राहते. हाताचे कसब बरोबर येते. म्हणून आईबापांनी मुलांना एकच पेशा डोळ्यांवर झापडे बांधून शिकविण्यापेक्षा, कोणत्याही पेशात नेता येईल असे एखादे कसब पक्के शिकवावे. शंभर मीटर पळणाऱ्या मुलीला दहावीचे वर्ष आले म्हणून मैदानातून उठवून आणणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. वेग हा केवळ मैदानातच लागतो असे नाही.

दुसरी गोष्ट पुढे बसणाऱ्यांसाठी आहे. दांडी देणारा आणि घेणारा या दोघांचे हात जुळले तरच ती पोहोचते. मागे बसलेल्यास मान खाली घालणे भाग असते, म्हणून पुढच्याने त्याचे डोळे व्हावे. एलाना मेयर्स स्वतः मागे बसून आलेली होती. त्या तरुण साहेबाने काकांना आधी खुर्ची दिली. ज्यांच्या हाती आज गाडीच्या दोऱ्या आहेत, त्यांनी आपल्या मागे कोण बसले आहे आणि ते कोठून आले आहे, हे विसरू नये. आपल्या मंडळींत अशी माणसे पुष्कळ आहेत. कोणाचा करार संपला आहे, कोणी गावी परतून नव्याने दुकान मांडले आहे, कोणी पन्नाशीत संगणक शिकत आहे. त्यांना भेटाल तेव्हा "पूर्वी आपण मोठ्या हुद्द्यावर होता, नाही का?" असे विचारू नका. आज काय चालले आहे ते विचारा, आणि ते सांगू लागले म्हणजे ऐकून घ्या.